महागडं स्पीकर किट: पैसे आवाजाला की नावाला?

पांदणवाट
राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज स्वतःच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आर्वी तालुक्यात गाव. शेती कोरडवाहू, गाण्याचं वेड वडिलोपार्जित. ऐकणं म्हणजे कुमार गंधर्व, भीमसेन, किशोरीताई, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि रात्री उशिरा जुनी हिंदी गाणी. यंदा तुरीचे पैसे बरे आले आणि घरून "एकदाचं काय ते घेऊन टाका" अशी परवानगीही निघाली. आता ती मागे घेतली जायच्या आत ठरवायचं आहे.

तयार स्पीकर घेण्याऐवजी किट जोडावं असं मनात आहे. वूफर (जाड, खालचा आवाज काढणारा ड्रायव्हर), ट्वीटर (बारीक, वरचा आवाज काढणारा ड्रायव्हर) आणि दोघांत आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटचे सुटे भाग येतात, डब्याचं ड्रॉइंग येतं, डबा आपण बनवायचा. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, डेन्मार्कच्या ड्रायव्हरचं टू-वे किट, गावात येईपर्यंत पावणेदोन लाख, डबा वेगळा. दुसरा, इंडोनेशियात बनलेल्या ड्रायव्हरचं किट, सत्तर हजारांच्या आसपास, डबा वेगळा. तिसरा, किटचा नाद सोडून साठ हजारांत तयार इंग्लिश बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर.

खोली 12 बाय 10 फूट, मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं). पहिल्या आणि दुसऱ्यात लाखाचा फरक आहे. तो लाखाचा फरक कानाला कळतो का, एवढंच सांगा.

सावजी_तर्री
पहिला प्रतिसाद माझा! इतर लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, मी तर्री घेऊन बसलो आहे. होऊ द्या.

बिछायतवाला
भाऊ, मी वडशाचा. आमचं बिछायत केंद्र हाय, मांडव-गाद्या भाड्यानं, सोबत साउंड. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं, रातभर. पावणेदोन लाखात मी चार टॉप, दोन बेस आणि वर अँप्लिफायर उभा करतो, सेकंडहँड का होईना. आन् तुमी दोन डबडे घेऊन रायले, तेबी जोडायचे स्वतःच! मले तं हसू येऊन रायलं. राग नका मानू.

पांदणवाट
बिछायतवाला भाऊ, राग कसला. पण तुमचे टॉप माझ्या खोलीत लावले तर कवेलू खाली येतील.

बिछायतवाला
कवेलू नाई येत. उंदरं मात्र पळतात, गॅरंटी.

निगेटिव्ह_फीडबॅक
मूळ अमरावतीचा, सध्या पुण्यात. दोन किट जोडली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेकांना वाटतं किटमध्ये ड्रायव्हरचे पैसे देतो आपण. ड्रायव्हर तर सुटेही मिळतात. किटची खरी किंमत क्रॉसओव्हरच्या डिझाइनमध्ये असते. वूफर कुठे थांबायचा, ट्वीटर कुठून सुरू व्हायचा, दोघांचा आवाज त्या सांध्यावर एकमेकांना खातो की पूरक होतो, हे सगळं तिथे ठरतं. लिंकविट्झ आणि रायली हे दोघे एचपी कंपनीतले इंजिनिअर. त्यांची क्रॉसओव्हरची रीत 1976 सालची आहे आणि आजही अर्धं जग तीच वापरतं. डब्याचा हिशोब त्याहून जुना: ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडला आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेला. म्हणजे किती लिटरचा डबा आणि किती लांब पोर्ट (डब्यातली हवा आत-बाहेर करणारी नळी) हे आज कोणीही फुकटच्या सॉफ्टवेअरवर काढू शकतो, त्यात गुपित राहिलेलं नाही. क्रॉसओव्हरचं तसं नाही. त्यासाठी ड्रायव्हर त्याच डब्यात बसवून, माईक लावून, समोरून आणि तिरक्या कोनांतून मोजावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही. किट देणाऱ्याने मोजमापाचे आलेख, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो ते, दिलेत का? समोरचा आणि 30-45 अंशांवरचाही? नसतील तर पावणेदोन लाखांचंही घेऊ नका.

गोगलगाय
तिसरा पर्याय घ्या आणि मोकळे व्हा. कारण एकच: उद्या विकायची वेळ आली तर नावाजलेल्या कंपनीचा तयार स्पीकर निम्म्या भावात तरी जातो. तुमच्या हाताने जोडलेल्या किटला गिऱ्हाईक ड्रायव्हरचा भाव देईल, डब्याचा आणि मेहनतीचा छदामही नाही.

सोनेरी_कान
गोगलगायसाहेब, विकायच्या हिशोबाने गाणं ऐकायचं असेल तर फिक्स डिपॉझिट करा की. दर तिमाहीला व्याजाचा मेसेज येतो, तोही सुरेल वाजतो.

पांदणवाट, माझ्याकडे नागपूरला डेन्मार्कच्याच ड्रायव्हरचं किट आहे, त्यांची वरची श्रेणी. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, कागदी. त्यावर तिरक्या चिरा मारून त्यात गोंदासारखा पदार्थ भरलेला असतो, म्हणजे कोन स्वतःहून वाजत नाही. हात फिरवला तर त्या चिरा बोटाला लागतात. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, या स्पीकरवर ऐकली की स्वस्तातल्याकडे परत जाता येत नाही. फरक कळतो का? कळतो. पहिला पर्याय. आणि क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर साधे येत असतील तर तेही बदलून चांगले टाका.

निगेटिव्ह_फीडबॅक
सगळं मान्य, कपॅसिटर सोडून. बरोबर मूल्याचा साधा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर आणि त्याच मूल्याचा दहापट किमतीचा, दोन्ही पडद्याआड लावून ओळखून दाखवा. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्यामागे ठेवून लोकांना ऐकवले. किंमत आणि नाव दिसेनासं झालं की लोक साधारण एकाच प्रकारचे स्पीकर पसंत करतात: ज्यांचा आलेख समोरून सपाट आणि बाजूने सुरळीत उतरत जातो असे.

सोनेरी_कान
पडदा तुमच्याकडे, कान माझ्याकडे.

सावजी_तर्री
तर्री संपली, दुसरी प्लेट सांगतो.

रानजाई
यवतमाळला फिजिक्स शिकवते, म्हणून थोडा खोलीचा हिशोब.

तुमची 12 फुटांची भिंत म्हणजे साधारण 3.66 मीटर. त्या लांबीत पहिली उभी लहर 47 हर्ट्झच्या आसपास येते, 10 फुटांच्या बाजूला 56. सिमेंटच्या बंद खोलीत या दोन ठिकाणी आवाज घुमतो आणि माणूस म्हणतो वूफर वाईट. कवेलूच्या घरात बराचसा खालचा आवाज छपरातून निघून जातो, भिंती मातीच्या, त्यामुळे तुमची खोली शहरातल्या फ्लॅटपेक्षा बरी निघायची शक्यता जास्त. हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये!

दुसरं, तुम्ही जे ऐकता त्याला किती खालचा आवाज लागतो? गायकाचा सा काळी एक धरला तर 138 हर्ट्झच्या आसपास. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69. खंजिरीचा जीव तर बराच वर आहे, कातड्यावरच्या थापेत आणि चकत्यांच्या छनछनाटात. 30 हर्ट्झपर्यंत उतरणारा वूफर तुम्हाला कशाला हवा? तिथे मोठे पैसे जातात. इंग्लंडच्या बीबीसीने सत्तरच्या दशकात ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीसाठी) बनवलेला एलएस3/5ए हा स्पीकर पाच इंची वूफरचा होता. खाली फारसा जात नाही, पण माणसाच्या आवाजासाठी लोक आजही त्याची नक्कल करून किट बनवतात.

तिसरं आपल्याकडचंच. मे महिन्यात खोलीत 45 अंश असतात. आवाजाचा वेग 20 अंशांना 343 मीटर, 45 ला 357 च्या पुढे. म्हणजे पोर्टचं ट्युनिंग 40 हर्ट्झचं असेल तर उन्हाळ्यात आपोआप 41.7 होतं. तांब्याच्या कॉइलचा रोधही 25 अंशांनी जवळजवळ दहा टक्के वाढतो. कानाला यातलं किती कळेल हा वेगळा प्रश्न, पण एक टक्का अचूकतेच्या कपॅसिटरवर भांडणाऱ्यांनी विदर्भातला उन्हाळा लक्षात घ्यावा, एवढंच.

निगेटिव्ह_फीडबॅक
ताई, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

सोनेरी_कान
मी उन्हाळ्यात कूलर लावतो.

बिछायतवाला
कूलरच्या घरघरीत जवारी आयकू येते का जी? इचारून रायलो फक्त.

कापूसकोंड्या
खोलीवरून आठवलं. मागच्या हंगामात भाव पडला म्हणून आम्ही कापूस विकला नाही. बैठकीच्या मागच्या अर्ध्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत, उंची माझ्या छातीपर्यंत. स्पीकर तेच, जागा तीच. आणि आवाज? गायक समोर येऊन बसला. टाळ्यांचा आवाज टाळ्यांसारखा, नाहीतर एरवी पत्र्यावर पाऊस. मी घरात सांगितलं, भाव वाढला तरी कापूस विकायचा नाही. बायको म्हणाली, मग खत कशाने आणणार, तुमच्या भैरवीने?

कापूस गेला आणि आवाजही गेला. खाज मात्र महिनाभर राहिली.

रानजाई
यात गंमत असली तरी शास्त्र पक्कं आहे. छातीइतका जाड कापूस म्हणजे फार मोठा शोषक, खालच्या आवाजालाही पुरणारा. भिंतीला चार बोटं फोम चिकटवून ते होत नाही, त्याने फक्त वरचा आवाज मरतो. पांदणवाट, जुन्या गाद्या असतील तर गुंडाळून मागच्या कोपऱ्यांत उभ्या करा. पैसे शून्य. पण कापूस साठवून त्याच खोलीत अँप्लिफायर तापवू नका कोणी, आगीचा खेळ आहे.

कापूसकोंड्या
ताई, अँप्लिफायर दारापाशी होता. तेवढी अक्कल कापसासोबतच येते.

सुतारपक्षी
डब्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. चंद्रपूरचा आहे, सागवानाच्या मुलखातला. लोक येतात आणि म्हणतात अस्सल सागवानाचा डबा करून द्या. करू नका. भरीव लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, आणि सांधा कुठेतरी उघडतो. उघडलेल्या सांध्यातून बंद डबा शीळ घालतो. एमडीएफ मोजमापाला सरळ आणि कापायला सोपा, पण कडेला पाणी लागलं की पापडासारखा फुगतो, परत बसत नाही. आपल्या हवेत मी 18 मिलिमीटरचा 710 नंबरचा प्लाय घेतो, आतून आडव्या पट्ट्या, वरून सागवानाची व्हिनियर. दिसायला सागवान, वागायला प्लाय.

वूफरची खाच हाताच्या राऊटरने कापायची असेल तर आधी रद्दी तुकड्यावर कापून ड्रायव्हर बसवून बघा. कडा एक मिलिमीटर आत-बाहेर झाली की ट्वीटरच्या बाजूला दिसतेच. जोडीला लाकूड, व्हिनियर, डिंक आणि मजुरी धरून वीस-बावीस हजार माझ्याकडे होतात. शहरात जास्त.

पांदणवाट
म्हणजे दुसरा पर्याय सत्तरचा नाही, नव्वदच्या वर. पहिला दोन लाख. हा हिशोब किटवाले सांगत नाहीत.

निगेटिव्ह_फीडबॅक
अजून आहे. ड्युटीचा हिशोब नीट बघा. मालाच्या किमतीवर वाहतूक आणि विमा चढतो, त्यावर ड्युटी, आणि मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी). वर कुरिअरवाल्याचे हाताळणीचे पैसे. माझ्या एका पार्सलचं बिल दारात आलं तेव्हा मी आधी पत्ता तपासला, शेजाऱ्याचं तर नाही ना! जड कॉइल आणि मोठे चुंबक असल्यामुळे वजन भरपूर होतं. शक्य असेल तर ड्रायव्हर भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या आणि फक्त क्रॉसओव्हरचं डिझाइन विकत घ्या. बरेच डिझायनर तेवढंच विकतात, काही फुकटही देतात.

विहीरीचा_पंप
लाखांच्या गोष्टी चालल्यात, लाईनबद्दल कोणी बोललं का? आमच्या डीपीवर संध्याकाळी पंप सुरू झाले की घरात 170 व्होल्ट. रात्री पंप बंद झाले की उलट उडी. आधी स्टॅबिलायझर, मग स्पीकर. आणि पावसाळ्यात ढग दिसले की प्लग काढायचा, अँटेनाची वायर असेल तर तीही. मागच्या साली वीज शेतात पडली आणि गावातले निम्मे सेट-टॉप बॉक्स गेले.

सावजी_तर्री
+१. वीज कडाडते तेव्हा जो बेस येतो तो कुठल्याच किटला येत नाही.

माळरान
पोर्टवाला डबा घेणार असाल तर अनुभवाचे बोल: पोर्टच्या तोंडाला बारीक जाळी लावा. माझ्या एका स्पीकरचा आवाज हळूहळू कोंदट होत गेला. वायर बदलली, अँप्लिफायर बदलून पाहिला. शेवटी मोबाईलचा टॉर्च पोर्टमध्ये मारला तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, सुबक, बोटाएवढ्या तीन नळ्या. दुसऱ्या डब्यात आवाज शोषायला भरलेला कापूस ओढून काढून उंदराने गादी केली होती.

बिछायतवाला
आमच्या बेसमंधी एकदा बेडूक निंगाला. नाटक सुरू, करुण प्रसंग, आन् डबा मधीच डराव करे. पब्लिक हसून हसून लोळली. नायिका आमच्यावरच चिडली!

रानजाई
म्हणूनच माझा कल बंद डब्याकडे आहे. बेस थोडा लवकर उतरतो, पण हळूहळू उतरतो, छोट्या खोलीत भिंती त्यातली काही कसर भरून काढतात. आणि वन्यजीवांचा प्रश्नच नाही.

नवीन_सदस्य_आर्वी
सर होम थिएटर रिपेअर करून मिळेल का

सावजी_तर्री
आले, आले. धागा आता खऱ्या अर्थाने मराठी झाला.

गोगलगाय
मूळ प्रश्नावर कोणी उत्तर दिलं का हो? लाखाचा फरक ऐकू येतो की नाही?

निगेटिव्ह_फीडबॅक
माझं उत्तर: स्वस्त ड्रायव्हर ते मधल्या दर्जाचा, हा फरक मोठा. मधला ते वरचा, हा फरक आहे पण तो मुख्यतः मोठ्या आवाजात आणि अवघड सांध्यावर. दुसऱ्या पर्यायातले ड्रायव्हर सुराबायाला बनतात, त्यांच्या डिझाइनमागे डेन्मार्कच्या जुन्या ड्रायव्हर उद्योगातलीच माणसं आहेत. मोजमापात ते कित्येक महागड्यांच्या बरोबरीने उभे राहतात. 12 बाय 10 मध्ये, रात्री, शेजारी न उठवता ऐकणाऱ्याला लाखाचा फरक मिळणार नाही.

सोनेरी_कान
असहमत. हळू आवाजातच फरक कळतो. पण कागदावर भांडून काय होणार? पांदणवाटभाऊ, नागपूरला या, ऐका. रानजाईताईंकडे दुसऱ्या पर्यायाच्याच जातीचं किट आहे असं त्यांनी मागे कुठेतरी लिहिलं होतं. त्यांनी त्यांचे स्पीकर घेऊन यावं. सावजी मी खिलवतो.

सावजी_तर्री
मला आमंत्रण नाही, हे इतिहासात नोंदवलं जाईल.

रानजाई
येते. अट एक, आवाजाची पातळी मी माईकने जुळवणार. अर्धा-एक डेसिबल जरी एक जास्त वाजत असेल तरी माणसाला तोच चांगला वाटतो. आणि पडदा माझा. आईची जुनी नऊवारी आहे, पातळ सुती, तिच्यातून आवाज अडत नाही.

पांदणवाट
मंडळी, जाऊन आलो. रविवारी दुपारी सोनेरी_कान दादांकडे. आधी सावजी नको म्हटलं, नाहीतर घाम पुसण्यातच दुपार गेली असती. वृत्तांत देतो.

नऊवारीमागे दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, पातळी ताईंनी जुळवलेली. भीमसेनजींचा अभंग लावला तेव्हा मला काहीच कळेना, खरंच. दोन्हीकडे तेच. मग कुमारजींचं निर्गुणी भजन. तिथे एका जोडीवर तानपुऱ्याच्या तारा एकेक सुट्या ऐकू येत होत्या, दुसऱ्यावर त्यांचा एक पट्टा होत होता. फरक बारीक, पण पुन्हा पुन्हा तोच. आणि खंजिरीला उलटं झालं: ज्या जोडीवर तानपुरा सुटा होता तिच्यावर चकत्यांचा आवाज मला जरा टोचला, दुसरीवर थाप आणि छनछन एकत्र, भजनी मंडळात बसल्यासारखी. पडदा काढला. तानपुऱ्याची जोडी महागडी होती, खंजिरीची ताईंची.

हळू आवाजात फरक जास्त कळला, म्हणजे दादांचं म्हणणं माझ्या कानाला तरी पटलं. पण ती खोली सिमेंटची, माझी कवेलूची.

सोनेरी_कान
बघा!

निगेटिव्ह_फीडबॅक
यात ड्रायव्हरचा फरक किती आणि क्रॉसओव्हरचा किती हे वेगळं करता येत नाही. एकाच्या ट्वीटरची पातळी एक-दीड डेसिबल वर असली तरी नेमकं हेच ऐकू येईल: तारा सुट्या आणि चकत्या टोचऱ्या. ताई, आलेख घेतलात का?

रानजाई
घेतले. दादांची जोडी 6 हजार हर्ट्झच्या वर सव्वा-दीड डेसिबल उचललेली आहे. ट्वीटरच्या आधीचा रेझिस्टर बदलून ते खाली आणता येतं, खर्च चहाचा.

सोनेरी_कान
रेझिस्टरला हात लावणार नाही. मला तसंच आवडतं.

गोगलगाय
म्हणजे लाखाच्या फरकातला किती भाग त्या रेझिस्टरचा? हलके घ्या.

पांदणवाट
ठरलं. दुसऱ्या पर्यायाचे ड्रायव्हर भारतातूनच, डिझाइन बंद डब्याचं, आलेखांसकट विकत घेतोय. डबा सुतारपक्षी यांच्याकडे. उरलेल्यातून आधी स्टॅबिलायझर, बाकी खतात. दादा, पडद्याविना ऐकलं तर तुमचीच जोडी घेतली असती, हेही सांगतो. त्या चिरा फारच देखण्या आहेत.

ताई, ट्वीटरच्या रेझिस्टरची दोन-तीन मूल्यं सोबत मागवून ठेवतो, खोलीत बसवून मग ठरवू. महिनाअखेरीला तुमचा माईक आठवडाभर मिळेल का?

रानजाई
परीक्षा संपल्यावर न्या. पार्सलने पाठवणार नाही, एसटीने कोणी येणारं असेल तर हातात देईन. सोबत कॅलिब्रेशनची (माईकची स्वतःची चूक वजा करणारी) फाईल मेल करते, ती लोड केल्याशिवाय एकही आलेख इथे टाकू नका.

सुतारपक्षी
ड्रायव्हर हातात आल्याशिवाय मी खाच कापणार नाही. ड्रॉइंगवरचा व्यास आणि आलेला माल यांत नेहमी अर्धा मिलिमीटर भांडण असतं. आधी माल पाठवा.